कीर्तिमंदिराचे दुसरे दार

अमेरिकेत कूपर्सटाऊन गावी बेसबॉलचे कीर्तिमंदिर आहे. निवृत्त खेळाडू तेथे मतांनी जातो. पहिली निवड १९३६ साली झाली. ज्येष्ठ क्रीडा-वार्ताहर मते देतात. १०० त ७५ मिळाली पाहिजेत. इतरांसाठी १६ जणांची समिती असते. तेथे १२ मते लागतात, आणि तीत क्लबांचे कारभारीही बसतात. आम्हां युनियनवाल्यांचे लक्ष या दुसऱ्या दाराकडे जाते.

मार्विन मिलर १९६६ साली खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख झाले. खेळाडूला एकाच मालकाशी जखडणारे कलम १९७५ साली लवादापुढे कोसळले. मिलरना २०१० साली ११ मते पडली. २०१२ साली ते वारले. १२ मते पडली, ती २०१९ साली. खेळाडूंची मोकळीक मात्र या कौलासाठी थांबली नव्हती. ती त्यांनी ४४ वर्षे आधीच संघटनेच्या बळावर मिळवली होती.