दुहेरीतली एक नंबर

१३ एप्रिल २०१५, सोमवार. पहिली पाळी संपवून आम्ही कंपनीच्या बसने चाकणहून परतत होतो. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती, त्यामुळे पिंपरी चौकाच्या अलीकडेच वाहतूक तुंबलेली. पुढच्या सीटवरच्या सहकाऱ्याने मोबाईल वर धरून मोठ्याने बातमी वाचली, "सानिया मिर्झा जगात एक नंबर!" बसमध्ये दोन-चार टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारचा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुहेरीत ना? दुहेरीत काय, बरोबर दुसरी असतेच की सांभाळून घ्यायला."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं. एकेरी म्हणजे खरं टेनिस आणि दुहेरी म्हणजे उरलेल्यांचं, असा एक समज आहे. त्या संध्याकाळी मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. नंतर मात्र या खेळाचा इतिहास वाचायचा नादच लागला. हा लेख त्या नादातून आला आहे.

महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये एकेरीची संगणकावरची क्रमवारी नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाली. दुहेरीची क्रमवारी यायला सप्टेंबर १९८४ उजाडला. जवळजवळ नऊ वर्षं दुहेरीवाल्यांचा हिशेबच असा मांडला गेला नव्हता. मांडला तेव्हा पहिल्या ओळीत नाव आलं मार्टिना नवरातिलोव्हाचं. मिळून २३७ आठवडे ती तिथे राहिली आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. गंमत अशी, की याच काळात ती एकेरीतही जगात पहिली होती. म्हणजे ज्या बाईने दुहेरीचा पाया घातला, ती एकेरीत जमत नाही म्हणून तिकडे गेलेली नव्हती. पॅम श्रायव्हर या उंच अमेरिकन मुलीबरोबर तिने एप्रिल १९८३ पासून सलग १०९ सामने जिंकले. ती साखळी तुटली १९८५ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात, कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांच्यासमोर. मधल्या १९८४ सालात दोघींनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या होत्या.

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. दुसरी सांभाळून घेते, हे खरं आहे का? आमच्या प्रेस शॉपमध्ये मोठ्या प्रेसवर दोन माणसं लागतात. दोघांसमोर दोन-दोन बटणं. चारही तळवे एकदम दाबले गेल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. एकाचा हात अर्धा क्षण मागे राहिला तर दुसऱ्याची घाई फुकट जाते. दुहेरी मला तशी दिसते. कोर्ट रुंदीला थोडं वाढतं, पण माणसं दुप्पट होतात, त्यामुळे मोकळी जागा कमी आणि विचार करायला वेळ त्याहून कमी. नेटजवळ उभ्या असलेल्या खेळाडूने आडवं कधी जायचं हे मागच्या खेळाडूला आधी कळलं पाहिजे. चूक झाली की कुणाची झाली ते मैदानात सगळ्यांना दिसतं, तरी हरतात दोघी.

पण क्रमवारी लागते ती एकेकीची. जोडी म्हणून गुण मिळवायचे, गेल्या ५२ आठवड्यांचा हिशेब मात्र स्वतंत्र नावावर. जोडीदार बदलली तरी तुमची शिदोरी तुमच्याकडेच. या एका नियमामुळे दुहेरीच्या इतिहासात विलक्षण प्रसंग घडले आहेत. त्यातला एक सानियाच्याच वाट्याला आला, तो पुढे सांगतो.

एक नंबरला पोहोचलेल्यांची यादी मी वहीत उतरवून काढली. चेक, अमेरिकन, स्पॅनिश नावं तर आहेतच. पण मिन्स्कची नताशा झ्वेरेवा आहे, अर्जेंटिनाची पाओला सुआरेझ आहे, झिम्बाब्वेची कारा ब्लॅक आहे. काराच्या वडिलांनी हरारेजवळच्या शेतात गवताची कोर्टं बनवून आपल्या मुलांना घडवलं. कोरिना मोरारिऊ २००० साली अव्वल झाली आणि पुढच्याच वर्षी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. ती बरी होऊन परत कोर्टावर आली. ॲना कुर्निकोवाचंही नाव आहे. तिने एकेरीत एकही स्पर्धा जिंकली नाही म्हणून जग हसलं, पण १९९९ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली होती, हे हसणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही. आशियातून सानियाच्या आधी तिघीच : २००० मध्ये जपानची आय सुगियामा, २०१४ मध्ये चीनची पेंग शुआई आणि त्याच वर्षी तैवानची शे सू-वेई. ज्या देशांत टेनिसची मोठी यंत्रणा नाही, तिथल्या मुलींना दुहेरीने दार उघडून दिलं, असं माझं मत आहे.

आपल्या महाराष्ट्राचं या खेळाशी नातं नवं नाही. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी क्षमा राव ही पुण्यात जन्मली. संस्कृतात तिने सत्याग्रहावर काव्य लिहिलं, तुकाराम आणि रामदासांची चरित्रं लिहिली आणि टेनिसही गाजवलं. तिची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विंबल्डनला सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. संस्कृत पंडितेच्या घरातली मुलगी नव्वद वर्षांपूर्वी रॅकेट घेऊन लंडनला गेली होती, हे मी वाचलं तेव्हा आधी खरंच वाटलं नाही.

सानियाचा जन्म मुंबईचा, १९८६ चा. वाढली हैदराबादेत. २००३ मध्ये विंबल्डनला मुलींची दुहेरी जिंकली, २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीएचं एकेरी विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये चौथ्या फेरीपर्यंत गेली. २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर होती. मग मनगट गेलं. शस्त्रक्रिया झाली, ती परतली, पुन्हा दुखापत झाली. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि पूर्ण लक्ष दुहेरीवर दिलं. आमचे लोक म्हणाले, संपली. दोन वर्षांनी ती जगात पहिली होती.

मधल्या काळात तिची जोडी होती त्याच कारा ब्लॅकबरोबर, जी स्वतः कधीकाळी अव्वल होती. दोघींनी २०१४ च्या अखेरीस सिंगापूरची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली. मार्च २०१५ मध्ये सानिया मार्टिना हिंगिसबरोबर उतरली. हिंगिसच्या आईने मुलीचं नाव नवरातिलोव्हावरून ठेवलं होतं. पहिल्या तीनही स्पर्धा दोघींनी जिंकल्या : इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन. त्या तिसऱ्या विजयाने ती बसमधली बातमी आली. सानियाचा मागच्या रेषेवरून येणारा फोरहँड आणि हिंगिसची नेटवरची हुशारी, एकीने भिंत हलवायची आणि दुसरीने वीट काढून घ्यायची.

त्या वर्षी विंबल्डन रमजानमध्ये आलं. ११ जुलैच्या रात्री तरावीह आटोपून मी घरी आलो आणि टीव्ही लावला. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, झोपायला तयार नाही. समोर एलेना वेस्निना आणि एकातेरिना माकारोव्हा. पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकमध्ये ओढून आणला. तिसऱ्यात सानिया-हिंगिस २-५ ने मागे. मी लेकीला म्हणालो, चल, झोप आता. ती म्हणाली, अब्बा, अजून संपलं नाही. ५-५ झालं तेव्हा तिकडे अंधार पडू लागला, खेळ थांबवून सेंटर कोर्टचं छत बंद केलं. आमच्याकडे मध्यरात्र कधीच उलटली होती. छताखाली दिव्यांत खेळ पुन्हा सुरू झाला आणि ७-५ ने त्या जिंकल्या. महिला दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया पहिली भारतीय ठरली. लेकीने पलंगावर उडी मारली. शेजारच्या खोलीतून अम्मीचा आवाज आला, सहरीची वेळ झाली का?

पुढे अमेरिकन ओपन, मग २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपन. सलग ४१ सामने जिंकून त्यांची साखळी फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्यात तुटली.

हे सगळं मिळवणाऱ्या मुलीला काय काय ऐकावं लागलं, तेही लिहिलं पाहिजे. २००५ मध्ये ती अठरा वर्षांची असताना तिच्या स्कर्टवरून काही मौलवींनी गदारोळ केला. २००८ मध्ये एका छायाचित्रात तिचे पाय तिरंग्याकडे दिसतात म्हणून तक्रार झाली, ती इतकी वैतागली की त्या वर्षी बंगळुरूच्या स्पर्धेतच खेळली नाही. २०१० मध्ये पाकिस्तानी क्रिकेटपटूशी लग्न केलं, तर २०१४ मध्ये तेलंगणाची सदिच्छादूत झाल्यावर एका पुढाऱ्याने तिला पाकिस्तानची सून म्हटलं. एका बाजूला ती पुरेशी मुसलमान नव्हती, दुसऱ्या बाजूला पुरेशी भारतीय नव्हती. ती मात्र त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत भारतासाठी दोन पदकं घेऊन आली, साकेत मायनेनीबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि महिला दुहेरीचं कांस्य.

मौलवींना नावं ठेवणं सोपं आहे. माझं मी सांगतो. त्या विंबल्डननंतर लेकीने हट्ट धरला आणि मी तिला चिंचवडला एका प्रशिक्षकाकडे घातलं. चार वर्षं ती खेळली, दुहेरीत जास्त रमायची. तेराव्या वर्षी फुफी लातूरहून आली, सरावाचे कपडे दोरीवर वाळताना पाहिले आणि म्हणाली, "जवान होती बेटी को ये क्या पिन्हाते तुम लोगां?" मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात फी वाढली तेव्हा मी घरी म्हणालो, आता दहावीकडे बघू. फी हे खरं कारण होतं, पण पूर्ण कारण नव्हतं. लेकीला ते कळलं होतं. तिने रॅकेट कपाटावर ठेवलं आणि विषय काढला नाही. सानियावर लिहिणारा बाप म्हणून हे लपवणं मला बरं वाटत नाही.

तो राहिलेला प्रसंग आता. ऑगस्ट २०१६ मध्ये सानिया आणि हिंगिस वेगळ्या झाल्या, तेव्हा क्रमवारीत दोघी बरोबरीने पहिल्या होत्या. लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात त्या समोरासमोर आल्या. सानियाबरोबर बार्बोरा स्ट्रिकोवा, हिंगिसबरोबर कोको वँडवे. सानिया जिंकली आणि एकटी अव्वल राहिली. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिस्बेनला तिने बेथनी मॅटेक-सँड्सबरोबर स्पर्धा जिंकली. आदल्या वर्षी तिथे तीच विजेती असल्याने तिच्या गुणांत भर पडली नाही, जोडीदाराच्या पडली. चषक दोघींनी मिळून उचलला आणि सोमवारी एक नंबर मॅटेक-सँड्सकडे गेला. सलग ९१ आठवडे सांभाळलेली जागा सानियाने जिंकता जिंकता, आपल्याच जोडीदाराला दिली. पराभव कुठेच नाही. माझ्या बसमधल्या शेजाऱ्याला मी हा किस्सा सांगितला, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "हे तर आपल्या इन्सेंटिव्हसारखं झालं."

इझहानच्या जन्मानंतर ती जानेवारी २०२० मध्ये परतली आणि पहिलीच स्पर्धा, होबार्ट, जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा सामना खेळली. तिच्यानंतर दुसरी भारतीय स्त्री अजून त्या जागेवर पोहोचलेली नाही.

मात्र इंचॉनच्या त्या कांस्यपदकात तिच्या शेजारी कोण होतं, हे आपल्याकडे फार जणांना आठवत नाही. प्रार्थना ठोंबरे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. टेनिस बघायचं तर मुंबईला जावं लागतं असं मानणाऱ्या भागातून ती सानियाची जोडीदार झाली. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. आपलं नाणं दुहेरीतच खणखणतंय.

एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग चषकाचे सामने बालेवाडीला आले. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभारलेलं ते क्रीडा संकुल आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना नदीपलीकडे, वाकडचा पूल ओलांडला की समोर. भारताच्या संघात पुण्यात सराव करून घडलेली अंकिता रैना होती आणि प्रार्थनाही होती. तो संघ पुढे प्ले-ऑफसाठी पात्रही ठरला. ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते, फुफी अजून आमच्याकडेच होती. पाळी संपवून मी घरी आलो तर लेक तयार होऊन बसलेली. आता ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात. फुफी म्हणाली, घरी एकटी काय करू, मी पण येते.

दुहेरीचा सामना सुरू झाला. लेक फुफीला हळू आवाजात समजावत होती, आता ही आडवी जाईल बघा, सर्व्हिस आधीच खूण केली तिने. तशी ती गेलीच. फुफीने डोक्यावरचा पदर सावरत पुढे वाकून पाहिलं.

"ये लडकी कौन है?"

"प्रार्थना. बार्शीची आहे, फुफी."

"बार्शी की?" फुफी एकदम सरसावून बसली. "अरे, मेरी खाला का ससुराल बार्शी." आणि मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "इस की भी खेलने की चीज घर में पडी है ना अब तक?"

लेकीने मान वळवली नाही. ती गुण मोजत होती.