सेन, सुरेंद्रनाथ

सेन, सुरेंद्रनाथ : (१८९०–१९६२). मराठ्यांचे आरमार, समुद्रावरील सत्तेचा हक्क आणि आंग्र्यांवरील चाचेगिरीचा आरोप यांचा मूळ कागदपत्रांवरून अभ्यास करणारे बंगाली इतिहासकार. जन्म पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यात. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. पुढे ते दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख (१९३९–४९) आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू (१९५०–५३) झाले.

मराठ्यांचा इतिहास मराठीतूनच वाचला पाहिजे, या निष्ठेने ते मराठी शिकले. सभासद बखरीचा त्यांचा इंग्रजी अनुवाद ‘शिव छत्रपती’ या नावाने १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथ (१९२३) आला. पोर्तुगीज भाषाही त्यांनी आत्मसात केली आणि गोव्याच्या दफ्तरखान्यातील ऐतिहासिक कागदपत्रांवर १९२५ मध्ये प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. एकीकडे बखरी आणि दुसरीकडे फिरंग्यांची दफ्तरे, असा दुहेरी आधार लाभल्याने त्यांच्या आरमारविषयक लेखनाला वजन आले.

‘मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज’ (१९२८) या ग्रंथाचा मोठा भाग त्यांनी आरमाराला दिला. मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांचा उल्लेख मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत सर्रास ‘चाचा’ असा येतो. सेन यांनी हा प्रश्न कायद्याच्या कसोटीवर तपासला : समुद्रावर परवाने देण्याचा आणि बिनपरवाना जहाज धरण्याचा अधिकार कोणाचा?

या वादाच्या मुळाशी सागरी परवान्याची पद्धत होती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील व्यापाऱ्यांवर ‘कर्ताझ’ लादले. त्यात जहाजाचे व नाखुद्याचे नाव, जायचे बंदर, बरोबरची शस्त्रे व निषिद्ध माल यांची नोंद असे आणि पोर्तुगीज नाक्यावर जकात भरणे बंधनकारक असे. कर्ताझ नसलेले जहाज मालासकट जप्त होई. कर्ताझ असले तरी संरक्षणाची खात्री नसे. जहांगीराच्या आईच्या मालकीचे ‘रहिमी’ हे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये पकडले. मराठे देत ते दस्तक याच जातीचे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण असून कौल (अभयपत्र) घेतलेल्या सावकारांच्या गलबतांना उपद्रव देऊ नये, अशी सक्त ताकीद आहे. लुटारू टोळीला असल्या नियमांची गरज पडत नाही.

कान्होजींना छत्रपती शाहूंकडून सरखेलीचा अधिकार होता. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले त्यांच्या ताब्यात होते. इंग्रजांनी आपल्या परवान्याची सक्ती करावी आणि आंग्र्यांचे दस्तक मात्र नाकारावे, हाच कलहाचा गाभा होता. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर इंग्रजांनी चढाया केल्या. त्या सर्व फसल्या. पोर्तुगीज व इंग्रज समुद्रावर जो हक्क सांगत होते तोच मराठे आपल्या किनाऱ्यावर सांगत होते, म्हणून एकाला सत्ता आणि दुसऱ्याला चाचेगिरी म्हणता येणार नाही, हे सेन यांचे प्रतिपादन होते. युरोपच्या इतिहासातही त्याला बळकटी मिळते. डच ताफ्याने १६०३ मध्ये ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याचे कायदेशीर समर्थन करतानाच ह्यूगो ग्रोशियस यांनी मुक्त समुद्राचा सिद्धांत उभारला आणि तो १६०९ मध्ये प्रसिद्ध केला.

कान्होजींच्या पूर्वायुष्यावरील लेखासह इतर निबंधांचा सेन यांचा संग्रह १९४१ मध्ये निघाला. अभिलेखागारातील काम आणि १८५७ च्या उठावावरील ग्रंथ (१९५७) यांमुळे त्यांची ख्याती देशभर पसरली. त्या मानाने त्यांचे आरमारविषयक काम मराठी वाचकांत कमी परिचित राहिले, ही उणीव भरून निघायला हवी. पुढे भा. के. आपटे यांनी मराठ्यांच्या आरमारावर व व्यापारी जहाजांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१९७३).

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात चाचेगिरीची व्याख्या आहे : खुल्या समुद्रावर खाजगी जहाजातून खाजगी हेतूने केलेली बेकायदा हिंसा वा लूट. भारताचा २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदाही याच व्याख्येच्या वाटेने जातो. राजाच्या सनदेने आरमार चालवणारा सरखेल या व्याख्येत बसत नाही. सेन यांनी १९२८ मध्ये कागदपत्रांवरून काढलेला निष्कर्ष या कसोटीवरही टिकतो.