दोन पानांच्या लेखाचे मोल



आपली मुले शेलूबाजारहून निघून वाशीम, अकोला, अमरावती असे करीत उच्च शिक्षणापर्यंत पोहोचतात, तेव्हा काही नवे आकडे आपल्या कानी पडू लागतात. अमुक प्राध्यापकांचे दोनशे शोधनिबंध आहेत, तमुकांचा हजार वेळा उल्लेख झाला आहे, असे सांगितले जाते. परीक्षेच्या गुणांना सरावलेले आपले मन या आकड्यांनाही गुणपत्रिकाच समजते. ती कशी वाचावी, हे मुंबईत घडलेल्या एका शोधाच्या इतिहासावरून पाहू.

रक्ताचे गट असतात, हे कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविले. परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर तुटून पडणारी प्रतिद्रव्ये आपल्या रक्तात असतात. म्हणूनच एकाचे रक्त दुसऱ्याला चालेलच असे नाही. हा विषय प्रतिकारशास्त्राचा, म्हणजे इम्युनॉलॉजीचा. ओ गटाचे रक्त मात्र कोणालाही चालते, अशी समजूत पुढे रूढ झाली.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना तीन माणसे अशी आढळली की त्यांच्या रक्ताशी ओ गटाचे रक्तही जुळेना. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने याचा तपास झाला आणि मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात सात जणांच्या नावाने एक लेख छापून आला. लेख अवघा दोन पानांचा. शीर्षकातील 'नवा' हा शब्दसुद्धा लेखकांनी अवतरणचिन्हांत ठेवला होता. दावा करताना हात आखडता घेणे, ही चांगल्या संशोधकाची खूणच म्हणावी.

कारण नंतर उलगडले. तांबड्या पेशींवरील ए आणि बी या खुणा 'एच' नावाच्या पायावर उभ्या राहतात. ज्यांच्याकडे हा पायाच नाही, ते साध्या तपासणीत ओ गटाचे दिसतात. परंतु त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्य असते, म्हणून ओ गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते. मुंबईत अशी माणसे दहा हजारांत सुमारे एक आढळतात. युरोपात ती फारच विरळ. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र निघाले. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था.

आता उल्लेखांच्या मोजणीकडे वळू. एखाद्या लेखाचा आधार पुढच्या किती लेखांनी घेतला, याची सूची असावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. १९६४ मध्ये ती सूची प्रत्यक्ष निघाली. पुढे २००५ साली जॉर्ज हर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक दहा. वाचकहो, या हिशेबाने ज्याने आयुष्यात एकच लेख लिहिला, तो लेख कितीही मोलाचा असो, त्याचा निर्देशांक एकच राहणार!

दुसरी गंमत अशी की शोध फार यशस्वी झाला, तर मूळ लेखाचा उल्लेखच कमी होतो. आज जगभरचे डॉक्टर नुसते 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. १९५२ चा लेख कोणी दर वेळी सांगत नाही. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदलले, पण रक्तगटाचे नाव तेच राहिले. हा उल्लेख कोणत्या सूचीत मोजणार?

कधी कधी मोजणी उशिरा जागी होते. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू विष सोडतात, हे १९५९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखविले. कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. डे १९८५ मध्ये निवर्तले आणि १९८६ मध्ये खुद्द गारफील्ड यांनीच त्यांच्या कार्याची थोरवी लिहून दाखविली.

म्हणून आकडे टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. इतरांना काम उपयोगी पडले की नाही, हे ते ढोबळपणे सांगतात. पण आज पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही आहेत. तेव्हा मुलाला किंवा मुलीला मार्गदर्शक निवडताना 'किती छापले?' एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: यांचे सर्वांत चांगले काम कोणते? त्याचा आधार घेऊन दुसऱ्या कोणी पुढे काय केले? आणि त्यामुळे कोणाचे दुःख हलके झाले?

ओ गट म्हणून नोंदलेल्या रुग्णाला रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवून पाहतात. ते जुळले नाही, तर कशाचा संशय घ्यावा, हे तेथील तंत्रज्ञाला आज ठाऊक असते. त्या दोन पानांची खरी नोंद तेथे आहे.