संगणकावरील चित्रपट बिनतारी मार्गाने दूरचित्रवाणीवर

घरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर काय नसते? जुने चित्रपट, नाटकांचे मुद्रण, सहलीची छायाचित्रे, घरातील लग्न-मुंजीच्या चित्रफिती. हे सारे पाहायचे मात्र दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर आणि सर्वांनी मिळून. एका खोलीतील संगणक आणि दुसऱ्या खोलीतील दूरचित्रवाणी संच यांना तारेविना जोडण्याचे तंत्र गेल्या दोन दशकांत घडत गेले. त्याचे मार्ग एकापेक्षा अधिक आहेत आणि प्रत्येकाचे गुणदोष वेगळे आहेत.

या तंत्राला कौटुंबिक महत्त्वही आहे. व्हीएचएस कॅसेटवरील चुंबकीय थर काळाबरोबर झिजतो, बुरशीनेही खराब होतो. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने त्याचे उत्पादन २०१६ मध्ये थांबवले. त्यामुळे जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेणे आणि तेथून त्या पडद्यावर पाहणे, हाच अनेक घरांपुढील व्यवहार्य उपाय आहे.

तारेपासून लहरींपर्यंत

संगणक आणि दूरचित्रवाणी जोडण्याची पहिली रीत तारेचीच होती. पिवळ्या टोकाची तार चित्रासाठी, तर लाल व पांढऱ्या टोकाच्या तारा ध्वनीसाठी असत. पुढे चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून नेणारी एचडीएमआय पद्धत आली; तिचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तार लांबली की ती भिंतीतून न्यावी लागते किंवा पायात तरी येते.

बिनतारी जाळ्याचे मूळ मानक १९९७ मध्ये ठरले. १९९९ च्या ८०२.११बी मानकाचा कागदोपत्री वेग सेकंदाला ११ मेगाबिट होता, २००३ च्या ८०२.११जी मानकाचा ५४, तर २००९ च्या ८०२.११एन मानकाचा कमाल ६०० मेगाबिट. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरण्यास जानेवारी २००५ मध्ये मुभा मिळाली. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. घरोघरी वाय-फाय रुजण्यात या निर्णयांचा वाटा मोठा आहे.

तीन वेगळे मार्ग

पहिला मार्ग माध्यम-सर्व्हरचा. संगणकावरील एखादे सॉफ्टवेअर निवडक फोल्डरमधील चित्रपटांची यादी घरच्या जाळ्यावर जाहीर करते. दूरचित्रवाणी संच ती यादी आपल्या पडद्यावर दाखवतो आणि रिमोटने निवडलेली फाइल संगणकाकडून थोडी थोडी मागवून घेतो. संगणक येथे केवळ कोठीचे काम करतो. चित्र उलगडण्याचे काम संच करतो. ही देवाणघेवाण निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत व्हावी म्हणून सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये एक गट स्थापन झाला. पुढे तो डीएलएनए या नावाने ओळखला गेला. विंडोज, प्लेस्टेशन ३ आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संचांनी ही पद्धत स्वीकारली. प्लेक्स, कोडी आणि जेलीफिन ही सॉफ्टवेअरही याच कामासाठी वापरली जातात.

दुसरा मार्ग पडदा-प्रतिबिंबाचा. संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे संचावर उमटते. इंटेलने २०१० मध्ये वायडाय ही पद्धत आणली. २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्सने मिराकास्ट हे सामाईक मानक जाहीर केले. मिराकास्टमध्ये दोन उपकरणे थेट एकमेकांशी जोडली जातात, त्यामुळे राउटर नसला तरी चालते. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज आणि के ही बटणे एकत्र दाबली की जवळचे संच दिसू लागतात. मात्र पडद्यावरील प्रत्येक बदल त्याच क्षणी आकुंचित करून पाठवावा लागत असल्याने संगणकावर ताण पडतो आणि चित्र किंचित उशिरा पोहोचते. छायाचित्रे किंवा सादरीकरण दाखवण्यास हा मार्ग उत्तम. दोन तासांच्या चित्रपटासाठी पहिलाच मार्ग बरा.

तिसरा मार्ग संचाला जोडायच्या छोट्या उपकरणाचा. अॅपलचे अॅपल टीव्ही २००७ मध्ये विक्रीस आले आणि २०१० मध्ये त्याला एअरप्लेची जोड मिळाली. गुगलचे क्रोमकास्ट २०१३ मध्ये अवघ्या ३५ डॉलरला बाजारात आले; त्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. एचडीएमआयचे छिद्र असलेल्या कोणत्याही जुन्या संचाला अशा उपकरणाने नव्या सोयी मिळतात, हा याचा मोठा लाभ.

चित्र अडखळते का?

बहुतेकांची तक्रार एकच असते: चित्र मध्येच थांबते. कारण शोधण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. व्हीसीडीवरील चित्राला सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट लागतात, डीव्हीडीच्या चित्राला कमाल ९.८ आणि ब्लू-रेच्या चित्राला कमाल ४०. दुसरीकडे, वाय-फायचा प्रत्यक्ष वेग कागदोपत्री वेगाच्या निम्मा, पुष्कळदा त्याहूनही कमी भरतो. ५४ मेगाबिटच्या जुन्या राउटरकडून प्रत्यक्षात वीस-पंचवीस मेगाबिट मिळतात. म्हणजे त्यावर डीव्हीडी सुखाने चालेल, ब्लू-रेची मूळ फाइल मात्र अडखळेल.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. संगणक आणि संच दोन्ही वाय-फायने जोडलेले असतील, तर प्रत्येक दृश्य हवेतून दोनदा प्रवास करते: संगणकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून संचाकडे. दोन्ही एकाच पट्ट्यावर असल्यास उपलब्ध वेग जवळजवळ अर्धा होतो. संगणक राउटरला साध्या तारेने जोडला, तर हा अर्धा भार उतरतो. नवा राउटर घेण्याआधी हा अल्पखर्चिक उपाय करून पाहावा.

राउटरची जागाही महत्त्वाची. सिमेंट काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी लहरींना अडवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतो, त्यामुळे तो चालू असताना चित्र अडखळू शकते. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटरही याच पट्ट्यात गर्दी करतात. संच ५ गिगाहर्ट्झला अनुकूल असेल आणि राउटर फार दूर नसेल, तर तो पट्टा निवडावा. भिंती अधिक असतील, तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोहोचतात.

संगणक यादीत दिसतच नसेल, तर दोष बहुधा वेगाचा नसतो. दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यावर आहेत का, संच पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर तर नाही ना आणि विंडोजमध्ये घरचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून तर नोंदलेले नाही ना, हे आधी तपासावे.

फाइल आणि मराठी अक्षरे

प्रत्येक संच प्रत्येक प्रकारची फाइल उलगडू शकत नाही. एच.२६४ पद्धतीने आकुंचित केलेली एमपी४ फाइल बहुतेक सर्वत्र चालते. जुन्या कॅसेट उतरवताना हेच स्वरूप निवडणे शहाणपणाचे. काही सर्व्हर सॉफ्टवेअर चालत्या चित्राचे रूपांतर करून संचाला समजेल असे पाठवतात, पण त्यासाठी संगणक सक्षम हवा. मराठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ स्वरूपात साठवावी. तरीही अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर संचात देवनागरी टंक नाही असे समजावे. अशा वेळी उपशीर्षके चित्रातच कायमची उमटवून घेता येतात.

खर्च आणि सुरक्षा

घरातील संगणकावरची फाइल घरातीलच संचावर पाहताना इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. ती देवाणघेवाण राउटरच्या आतच राहते. सेकंदाला ८ मेगाबिटचा दोन तासांचा चित्रपट सुमारे ७.२ गिगाबाइटचा असतो, हे पाहता ही बचत लहान नाही. मात्र जाळ्याला पक्का सांकेतिक शब्द हवा. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ पासूनच असुरक्षित ठरली आहे; डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वापरावी. माध्यम-सर्व्हरला संपूर्ण डिस्क न देता चित्रपटांचे फोल्डर तेवढेच द्यावे. अन्यथा घरगुती चित्रफिती आणि खासगी छायाचित्रे जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसू शकतात.

कोणता मार्ग टिकेल?

उपकरण निवडताना ते कोणाच्या आधारावर चालते, हे पाहणे आवश्यक आहे. घरची दूरचित्रवाणी दूरवर पाहण्याची सोय देणारे स्लिंगबॉक्स २००५ मध्ये आले. कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपले सर्व्हर बंद केले आणि त्यावर विसंबलेली उपकरणे निरुपयोगी झाली. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे काही दिवस जगभर बंद पडली होती. दोष गुगलने सुधारून पाठवला, तेव्हाच ती पुन्हा चालू झाली. याउलट डीएलएनए ही संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, तरी तिच्या मानकावर चालणारे संच आणि सर्व्हर आजही एकमेकांशी बोलतात, कारण त्यांचा व्यवहार घराबाहेरच्या कोणावर अवलंबून नाही.

म्हणून मौल्यवान चित्रफितींसाठी सर्वत्र चालणारे स्वरूप, घरातल्या घरात चालणारा सर्व्हर आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली एक प्रत, ही व्यवस्था अधिक भरवशाची. पडदा, राउटर आणि उपकरणे कालांतराने बदलतीलच. मूळ फाइल सुरक्षित असेल, तर पुढच्या पिढीला ती कोणत्याही पडद्यावर पाहता येईल.