मार्टिनी-हेन्रीचे काडतूस

शस्त्रांच्या इतिहासात बंदुकीचे वर्णन सविस्तर होते आणि काडतुसाची बोळवण एका ओळीत होते. वस्तुतः बंदुकीची हयात तिच्या काडतुसाने ठरते, याची साक्ष ब्रिटिश सैन्याने १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल जितकी देते तितकी क्वचितच दुसरी कोणती देत असेल.

स्वित्झर्लंडमधील फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांची, खालच्या तरफेने उघडमीट होणारी यंत्ररचना आणि एडिंबरोचे बंदूककार अलेक्झांडर हेन्री यांची आटेदार नळी यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या या हत्याराला काडतूस मिळाले ते कर्नल बॉक्सर यांच्या पद्धतीचे: पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, तिला लोखंडी बूड, आत ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम, काळी दारू, तिच्यावर मेणाची चकती, आणि अग्रभागी बारा भाग शिसे व एक भाग कथील यांची, कागद लपेटलेली ४८० ग्रेनची गोळी. परंतु तापलेल्या नळीत, वाळूच्या कणांत, हा पातळ पत्रा चिकटून बसे, ओढणारी आकडी बूड तेवढे तोडून आणी, आणि ऐन प्रसंगी सैनिकाच्या हाती संगिनीवाचून काही उरत नसे. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमधील अबू क्लेआच्या लढाईत असे घडल्याचा बोभाटा झाला, आणि त्यानंतर अखंड पितळी काडतुसे सैन्यात रुळली.

तथापि हे सदोष हत्यारही हिंदी शिपायाला वेळेवर मिळाले नाही. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या रणात गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी होती आणि तिच्या शेजारी लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या पलटणींजवळ आधीच्या पिढीची स्नायडर रायफल, कारण १८५७ च्या उठावानंतर हिंदी फौजेला एक पिढी मागचे शस्त्र द्यावे असा सरकारचा शिरस्ता होता. एकाच सरकारसाठी मरणाऱ्यांत केलेला हा भेद मला अक्षम्य वाटतो.

१८८६ साली फ्रान्सने धूररहित दारूची लेबेल रायफल काढली, १८८८ साली इंग्लंडने ली-मेटफर्ड घेतली, आणि मार्टिनीची रवानगी हळूहळू कोठारांत झाली. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात तिचे ढीग कित्येक दशके पडून होते; २००३ च्या सुमारास ते अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतले तेव्हा पोलाद शाबूत होते, पण बाजारात काडतूस दुर्मिळ होते. म्हणून संग्राहकांनी कारखान्याचे काम घरी आरंभिले: २४ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी बनलेली पितळी नळकांडी घ्यावयाची, तोंड चिरू नये म्हणून विस्तवावर नरम करावयाची, साच्यात दाबून त्यांना मान आणावयाची, शिसे ओतून गोळी घडवावयाची आणि तिला कागद लपेटावयाचा. दारू मात्र काळीच, कारण या जुन्या यंत्राची ताकद तिच्याच दाबाच्या हिशेबाने बेतलेली आहे; शिवाय दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहू देता येत नाही, म्हणून उरलेली जागा कापसासारख्या हलक्या वस्तूने भरतात. बार झाल्यावर नळीत राहणारी क्षारयुक्त काजळी लोखंड खाते, यास्तव त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलावावी लागते.