टिफ्रॅक: कडी आणि माणसे

संगणकाचे भाग शिकवताना आपण फळ्यावर चौकोन काढतो: आदान, स्मृती, प्रक्रिया, प्रदान. बिडकीनच्या वर्गातही हेच चौकोन, मुंबईच्याही. एके काळी ते खोलीभर पसरलेले असत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. प्रत्येक बिटासाठी फेराइटचे एक चिमुकले कडे. त्याचे चुंबकत्व एका दिशेला असले तर ०, उलट असले तर १. एकूण कडी किती, हे मुलांनाच काढू द्या. (८१,९२०! एवढ्या जागेत आज युनिकोडमधली जेमतेम साडेतीन हजार देवनागरी चिन्हे बसतील.)

नळ्या तापतात, जळतात. कोणती गेली हे शोधणारा माणूस हाही यंत्राचा भागच म्हणायला हवा. फळ्यावर त्याचा चौकोन मात्र आपण काढत नाही. या गटाने आधी १९५६ साली छोटे नमुना-यंत्र चालवून पाहिले, करता करताच शिकले.

१९६४ मध्ये संस्थेत परदेशी सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅक मागे पडला. पुढे नरसिंहन सरकारी सीएमसी कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७८ साली आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तिच्या इथल्या यंत्रांची देखभाल सीएमसीच्याच तंत्रज्ञांनी सांभाळली.