धुराड्याचं माप

आम्ही बाळापूरच्या एका बचत गटातल्या बाया. गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी, कुरडयांचा चीक आणि पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक अजून चुलीवरच होतो. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. म्हणून आम्ही दोन तोंडांची चूल घातली आणि स्वस्त मिळाला म्हणून २ इंची पाइप लावला. पहिल्याच दिवशी एकजण खोकत बाहेर आली, "धूर तं घरातच येऊन राह्यला वं!"

तेव्हा आम्ही या चुलीचा इतिहास विचारायला लागलो.

बिनधुराच्या चुलीचा एक जुना धागा आपल्या विदर्भातच सापडतो. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते पाहत. तिथल्या मातीच्या चुलीला 'मगन चूल' म्हणतात. एका जाळावर एकापेक्षा जास्त भांडी आणि धूर धुराड्यातून बाहेर, अशी तिची रचना. पुढे हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनीही अशी चूल केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली.

१९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अनुदानावर गावोगावी चुली बसल्या. २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर कितीतरी चुली मोडल्या होत्या, धुराडी काजळीने बुजली होती. चूल बसवून माणूस निघून जाई. पाइप कसा साफ करायचा, हे जिने रोज जाळ घालायचा तिला नीट कोणी सांगत नसे. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी पोचू लागला, पण चूल काही विझली नाही.

आता मापाचं. गरम धूर हलका असतो, म्हणून वर चढतो. पाइप अरुंद असला की धूर मावत नाही, घरात फिरतो. फार रुंद असला की धूर वाटेतच थंड होतो, त्याचा जोर जातो आणि काजळी जास्त धरते. घरच्या दोन तोंडी चुलीला साधारण ३ ते ४ इंचांचा पाइप लागतो. चुलीतून धूर निघायचं भोक जेवढं, त्यापेक्षा पाइप बारीक नको आणि वरपर्यंत माप सारखंच हवं.

एक हिशेब लक्षात ठेवा. ४ इंची पाइपाचं तोंड २ इंचीच्या दुप्पट नाही, चौपट असतं. ३ इंची पाइपात चहूबाजूंनी अर्धा इंच काजळी बसली, तर वाट २ इंचांचीच उरते. म्हणजे निम्म्याहूनही कमी. म्हणून काठीला चिंध्या बांधून पाइप अधूनमधून झाडायचा, तोही चूल पूर्ण थंड असताना. पाइप छपराच्या आढ्याच्या वर दोन-तीन फूट जाऊ द्या, वाकणं कमीत कमी ठेवा आणि लाकडी वाशांपासून तो दूर ठेवा. जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप असेल, तर तो कापू-फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आम्ही पाइप बदलला. आता धूर छपरावरून जातो.

इतक्या वर्षांत चुली पुष्कळांनी बनवल्या, पण तिच्यापुढे बसणारीला कमीच लोकांनी विचारलं. तुमच्या गावात पुढची चूल बसेल, तेव्हा आधी पाइपाचं माप विचारा आणि तो साफ कसा करायचा ते शिकून घ्या. मगच मिस्त्रीला चहा द्या.